दुसऱ्या डोसचा निरोप

प्रश्न : कोरोनाची लस आली तेव्हा आमच्या सोसायटीत सगळ्यांचे डोस पटापट झाले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मात्र पहिला घेतला, दुसरा घेतलाच नाही. त्यांच्या वस्तीत बऱ्याच जणांचं तसंच. लस फुकट, केंद्र जवळ. मग याला अज्ञानच म्हणायचं ना?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : नाही. मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते, शेवटची वर्षं पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, म्हणून एवढं ठाम सांगते. अफवा होत्याच. ‘सुई घेतली की माणूस दोन वर्षांत जातो’ हे मी पाड्यावर स्वतः ऐकलंय. पण आशाताई आणि मी ओट्यावर बसून बोललो की बाया ऐकायच्या. बोलून न सुटणाऱ्या अडचणी वेगळ्याच होत्या.

१ मे २०२१ला अठरा वर्षांपुढच्यांना लस खुली झाली, पण आधी सरकारच्या कोविन पोर्टलवर नोंदणी करून वेळ घ्यायची अट होती. पोर्टल तेव्हा इंग्रजीत, आणि पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढायची. आमच्या केंद्राचे स्लॉट उघडले की मिनिटांत संपत. सकाळी दारात शहरातल्या गाड्या उभ्या, आणि गावातली पोरं कुंपणाला टेकून बघतायत. मला फार लाज वाटायची. २१ जूनपासून सगळ्यांना थेट केंद्रावर नोंदणी करता येऊ लागली, तेव्हा कुठे रांगेत आमची माणसं दिसली.

अमेरिकेत गरिबी, शिक्षण, घर, वाहन असं सगळं मोजून कुठला भाग किती दुर्बल ते ठरवतात. लस तिथेही फुकटच. तरी १ मार्च २०२१ पर्यंत किमान एक डोस घेतलेले लोक कमी दुर्बल काउंटींत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत) १५.८ टक्के होते, तर जास्त दुर्बल काउंटींत १३.९. ज्यांना आजाराचा धोका जास्त, तेच मागे. अज्ञान म्हटलं की यातलं काहीच दिसत नाही.

आता दुसरा डोस. एका बाईने ऑगस्टमध्ये, भातलावणी उरकल्यावर, कोविशिल्ड घेतली. पुढचा डोस ८४ दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरात. तोवर ती निफाडला द्राक्षबागेत विरळणीच्या कामावर. एका मोबाइल नंबरवर चौघांची नोंदणी व्हायची. तिच्या नावापुढे नंबर होता मुकादमाचा. निरोप त्याच्याकडे आला आणि तिथेच राहिला. शिमग्याला ती गावी परतली तेव्हा मी विचारलं. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, घडीवर फाटलेला कागद काढला. “मी तर जपून ठेवलाय, सिस्टर. कुणी बोलावलंच नाही.” मग हळूच म्हणाली, “आणि ताप आला तर दोन दिवसांचा रोज कोण देणार?”

द्राक्षांच्या त्याच हंगामात ‘हर घर दस्तक’ ही घरोघरी जाऊन लस द्यायची सरकारी मोहीम सुरू झाली होती. एका बागेत आम्ही लशीची थंड पेटी घेऊन सकाळी सातलाच पोचलो. दुसऱ्या दिवसाचा रोज कापणार नाही, असं मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं. नको म्हणणारी एकच आजी निघाली.

तुमच्या मावशींना एकदा शांतपणे विचारा, नोंदणीत नंबर कुणाचा होता. आणि पहिल्या डोसनंतर ताप आला तेव्हा त्यांचा खाडा धरला होता का, तेही विचारा.