विषारी बेडकांवर काम करायचंय म्हणतेस, तर आधी हे वाच

बाळा,

तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला, लाल अंगाच्या निळ्या पायांच्या बेडकाचा फोटो पण पाहिला. खाली तू लिहिलंयस की मॅडम मला यांच्यावरच पीएचडी करायचीय पण मी परभणीची, हे बेडूक तिकडं पनामा-कोस्टारिकात, माझ्यासारखीनं हे स्वप्न बघावं का. बघावं की, का नाही बघावं. पण तुझ्या मेसेजमध्ये बेडूक आहे, देश आहे, स्कॉलरशिप आहे, प्रश्न कुठंच नाही. त्या बेडकाबद्दल तुला नेमकं काय कळून घ्यायचंय? आज त्याच्यावरच लिहिते, फॉर्म-बिर्म नंतर बघू.

तुझ्या फोटोतला तो ऊफागा प्युमिलिओ, लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. कोस्टारिकात तो बहुतेक ठिकाणी लालच दिसतो, पण पनामाच्या बोकास देल तोरो बेटांवर गेलं की एकीकडं हिरवा, दुसरीकडं निळा, कुठं केशरी, कुठं पिवळ्यावर काळे ठिपके, आणि जात मात्र एकच. ही बेटं हिमयुग संपून समुद्र चढला तेव्हा, म्हणजे गेल्या साधारण 10,000 वर्षांत मुख्य जमिनीपासून तुटलेली. उत्क्रांतीच्या हिशोबात हा काळ लई थोडा.

आता तुमच्या पुस्तकात काय लिहिलेलं असतं, की भडक रंग म्हणजे धोक्याची सूचना. पक्ष्यानं एकदा तोंडात घेतला, बेकार चव लागली, थुंकला, परत त्या रंगाच्या वाटेला जात नाही. हे खरंच आहे. ला सेल्वा म्हणून कोस्टारिकात संशोधन केंद्र आहे, तिथं राल्फ सापोरितो आणि सहकाऱ्यांनी मॉडेलिंग क्लेचे बेडूक करून जंगलात ठेवले, काही लाल काही तपकिरी. क्ले मऊ असते, चोच मारली की खूण तशीच राहते. 2007 मध्ये छापून आलं की तपकिरी बेडकांवर लाल बेडकांच्या जवळपास दुप्पट हल्ले झाले. केवढा साधा प्रयोग आहे बघ, महागडं मशीन नाही काही नाही, पण प्रश्न धारदार होता म्हणून उत्तर मिळालं.

पण इथंच थांब आणि जरा विचार कर. रंग जर पक्ष्यांसाठी इशारा असेल तर सगळीकडं एकच रंग असलेला बरा ना, पक्ष्यांना एकदाच शिकावं लागेल आणि कमी बेडूक मरतील. मग हे इतके रंग टिकले कसे? मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त ओढ याच प्रश्नाची आहे, आणि त्याचं एक उत्तर रंगात नाही तर बेडकाच्या घरसंसारात सापडलं.

ऊफागाचा नर जमिनीवरच्या पानांत घातलेली अंडी सांभाळतो, ओली ठेवतो. पिल्लं बाहेर आली की आई एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि अननसाच्या कुळातल्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात जे पाणी साठतं त्यात एकेक टॅडपोल सोडते, एका बेचक्यात एकच. मग कित्येक आठवडे परत परत येऊन तिथं न फळलेली अंडी घालते, कारण या पिल्लांना दुसरं काही चालतच नाही, आईची अंडी हेच त्यांचं खाणं. म्हणजे पाण्यातलं ते पिल्लू आईला सारखं बघतंय. युसान यांग, कोरिन रिचर्ड्स-झवाकी वगैरेंनी नेमकं हेच पकडलं, पिल्लं वेगळ्या रंगाच्या आईकडं वाढवायला दिली, आणि 2019 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलं की मोठ्या झालेल्या माद्या सांभाळणाऱ्या आईच्या रंगाच्या नराकडं जास्त ओढल्या जातात आणि नर पण त्याच रंगाच्या नराशी जास्त भांडतात. लहानपणी पाहिलेला रंग डोक्यात बसतो आणि पुढं कुणाशी जोडी आणि कुणाशी वैर ते त्यावरून ठरतं. असं पिढ्यानपिढ्या चाललं तर एका जातीच्या दोन जाती व्हायची वाट उघडते. आईचं वागणं आणि रंगाची उत्क्रांती अशी एकमेकांत गुंतलेली आहे, म्हणून तू निस्त्या रंगाचा अभ्यास करते म्हणालीस तर मी तुला अडवणार.

तर माझं एवढंच म्हणणं आहे, रंग दिसला की पहिला सवाल हा कर की याला बघतंय कोण. तू नाही बघत, तुझा मोबाईल तर अजिबातच नाही. पक्ष्यांना अतिनील प्रकाशसुद्धा दिसतो, त्यामुळं फोटोत दोन बेडूक सारखे दिसले तरी पक्ष्याला ते वेगळे दिसत असतील. आणि किती अंतरावरून बघतंय ते पण विचार. फ्रेंच गयानातल्या डेंड्रोबेट्स टिंक्टोरियसवर 2018 मध्ये काम आलंय, काळा-पिवळा-निळा एकदम भडक बेडूक, जवळून बघितला की डोळ्यात भरतो, आणि दुरून तेच पट्टे एकमेकांत मिसळून तो मागच्या पाल्यापाचोळ्यात विरून जातो. एकाच कातडीची दोन कामं!

विषाबद्दल थोडक्यात सांगते कारण त्याच्यावर इंटरनेटवर लई कचरा आहे. हे बेडूक आपलं विष स्वतः बनवत नाहीत म्हटलं तरी चालेल, ते मुंग्या आणि बारीक कोळीकीटक खातात, त्यांच्यातून ते अल्कलॉइड, म्हणजे विषारी रसायनं, कातडीत साठतात, म्हणून काचेच्या पेटीत जन्मलेला आणि फळमाश्यांवर वाढलेला बेडूक विषारी नसतो. आणि बाणाला विष लावतात ते सगळ्या जातींचं नाही, कोलंबियातले एम्बेरा लोक फायलोबेट्सच्या मोजक्या जातींचं वापरायचे, त्यातला सगळ्यात जहाल फायलोबेट्स टेरिबिलिस, त्याचं वर्णन 1978 मध्ये झालं. जॉन डॅली या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट मात्र सावकाश वाच. त्यांनी 1974 मध्ये इक्वेडोरच्या बेडकांतून एक द्रव्य काढलं, वेदना मारण्यात मॉर्फिनच्या सुमारे 200 पट जोरदार, पण हाती आलेला नमुना इतका थोडा की त्याची रचना 1992 पर्यंत कळली नाही, मशीनं सुधारेपर्यंत तो तसाच जपून ठेवला. त्याचं नाव एपिबॅटिडीन. औषध म्हणून ते चाललं नाही, उपयोगाचा डोस आणि मारणारा डोस यात अंतरच नाही. पण ते बेडूक स्वतः कसे मरत नाहीत हा पुढचा प्रश्न रिबेका टार्विननं घेतला, 2017 मध्ये उत्तर आलं, ज्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला, ते विष चिकटतं त्यात एका अमिनो आम्लाचा बदल. रसायनशास्त्राचा प्रश्न एकाचा, उत्क्रांतीचा दुसरीचा, आणि मधे पंचवीस वर्षं. तुझ्या आवडीच्या विषयात घाई कामाची नाही एवढं यातून घे.

आता आपल्याकडं ये. मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की शेततळ्यात, खदानीत, रस्त्याकडंच्या खड्ड्यात ते मोठाले बेडूक रात्रभर ओरडायलेत, त्यातले नर हळदीसारखे पिवळेजर्द झालेले आणि गळ्याच्या दोन्ही बाजूला निळे फुगे. तोच बेडूक एरवी मातकट-हिरवा, शेजारून गेला तरी कळत नाही. होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस त्याचं नाव, लहानपणापासून तू बघितलाय, धोंडी धोंडी पाणी दे म्हणताना पण त्याच्याच भाऊबंदाला कडुलिंबाच्या पाल्यात बांधून फिरवत असतील. तर तुझाच सवाल इथं लाव, हा पिवळा कुणासाठी? मादीसाठी, की गर्दीत नरानं नरालाच मिठी मारू नये म्हणून? बगळ्याला तो दिसतो का? पाऊस थांबल्यावर रंग किती वेळात उतरतो? आणि पनामाची आई एकेक पिल्लू वेगळं ठेवते, आपली हजारो अंडी डबक्यात टाकून जाते आणि तिची पिल्लं मांसाहारी, दुसरे टॅडपोल खातात, एकमेकांना पण सोडत नाहीत. मग आपल्याकडं जो पावसाचा खंड पडतो, जून गेला की पंधरा पंधरा दिवस थेंब नाही, त्यात डबकं आटायला लागलं की या पिल्लांचं वागणं कसं बदलतं? हा प्रश्न मराठवाड्यात राहणाऱ्या पोरीइतका जवळून कुणाला बघायला मिळणार, तूच सांग.

आणि हे भारतात कुणी करत नाही असं समजू नको. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर सरांच्या गटानं टॅडपोलच्या वागणुकीवर वर्षानुवर्षं काम केलंय. पश्चिम घाटात 2014 मध्ये गुरुराजा आणि सहकाऱ्यांनी कुंभारा नावाचा रातबेडूक नोंदवला, त्याचा नर अंड्यांवर हातानं चिखल लिंपतो, त्याचे व्हिडिओ आहेत, बघ.

कामाचं सांगते. बेडूक पकडायचा नाही, परवानगीशिवाय तर नाहीच, सुरुवातीला बघणं आणि ऐकणं भरपूर आहे. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर, सोबत वेळ, तापमान, पाऊस कधी झाला, पाणी किती खोल, हे दर वेळी त्याच क्रमानं लिही, नंतर लिहू म्हटलं की राहूनच जातं. आवाज बघायला ऑडॅसिटी फुकट मिळतं. रंगाचा फोटो काढताना शेजारी राखाडी कार्ड ठेव म्हणजे उजेडाचा फरक नंतर काढता येतो. रात्री एकटी जायचं नाही, घरच्यांपैकी कुणीतरी सोबत, गमबूट घाल कारण बेडूक तिथं घोणस आणि मण्यार पण येते, आणि विहिरीच्या मोटारीच्या वायरी ओल्या असतात त्यांच्यापासून लांब. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना बूट धुऊन वाळव, बेडकांचा कायट्रिड नावाचा बुरशीचा रोग आहे, मध्य अमेरिकेत त्यानं कित्येक जाती संपवत आणल्यात, तो आपल्या बुटांनी पसरू नये.

संशोधनाचे पेपर वाचताना आधी मेथड, म्हणजे काम कसं केलं ते वाच, मग निष्कर्ष. आकडेवारीसाठी वापरतात ती आर (R) नावाची संगणकाची भाषा शिक, स्टॅटिस्टिक्सला घाबरून चालणार नाही. हळूहळू स्पॅनिश पण सुरू कर, बोकासला स्मिथसोनियन या अमेरिकन संस्थेचं संशोधन केंद्र आहे, तिथं पुढंमागं गेलीस तर गावातल्या लोकांशी बोलायला लागेल. एमएस्सीसाठी बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आणि देहरादूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट दोन्ही बघून ठेव. आणि ऑनलाइन कुणी हे बेडूक विकत देतो म्हणालं तर घेऊ नको, त्यांच्या व्यापारावर 1987 पासून आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि तस्करी तरी चालूच आहे.

मृगाला अजून वेळ आहे. तोवर सापोरितोंचा क्लेवाला पेपर मिळवून वाच, अडलं तिथं पेन्सिलनं खूण कर, आणि आपल्या पिवळ्या बेडकावर तुला पडलेले प्रश्न मला पाठव, पाच पाठव नाहीतर पन्नास, पण प्रत्येकाखाली हे लिही की उत्तर हो असेल तर मला काय दिसेल आणि नाही असेल तर काय दिसेल. त्यातला एक आपण मिळून निवडू आणि पहिल्या पावसाला त्याच्यावरच कामाला लागू.

तुझी,
मॅडम