मुलांसाठी काही शिल्लक ठेवणारं पुस्तक

प्रिय मित्रा,

तुझी यादी मिळाली. वाचनालयात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीचा तास तू घेणार हे वाचून आनंद झाला, आणि यादी बघून थोडी काळजीही वाटली. पुस्तकं वाईट आहेत असं नाही, पण तू ती विषयवार लावली आहेस. दात घासणे, वाटून घेणे, अंधाराची भीती, झाडं लावणे, खोटं न बोलणे. मोठ्यांना काय शिकवायचंय ते या मांडणीतून अगदी नीट कळतं. पुस्तक उघडल्यावर मुलाने काय करायचं, हे मात्र कुठेच दिसत नाही. मी पुस्तक निवडताना आधी तेच बघतो: यात मुलाला काही काम आहे का? शोधायचं, ताडायचं, सुरात सूर मिसळून म्हणायचं, वाचणाऱ्याला मध्येच अडवायचं काम. सगळं लेखकानेच उरकून टाकलेलं असलं की मुलं गुपचूप बसून ऐकतात आणि आपल्याला वाटतं, तास काय छान झाला!

एक पुस्तक जरा सावकाश बघू. पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक'. सगळं पुस्तक म्हणजे मूळ इंग्रजीत ३२ शब्दांचं एकच वाक्य. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीपाशी होऊन, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. शब्दांत एवढंच आहे. चित्रांत मात्र सुरुवातीपासून तिच्या मागावर कोल्हा आहे, आणि मजकुरात त्याचं नावसुद्धा नाही. तो झेप घेतो ती थेट दाताळ्यावर आणि दांडा उसळून त्याच्या नाकावर बसतो. मग तो तळ्यात पडतो. गिरणीपाशी त्याच्या अंगावर पीठ सांडतं. कोंबडीला यातलं काही ठाऊक नाही, ती मान ताठ ठेवून चालली आहे. वाचणारा शांतपणे कोंबडीचं सांगत राहतो आणि समोरची पोरं ओरडत असतात, 'दादा, मागे बघ ना, मागे!' तू तेव्हा मागे बघायचं नाहीस. बोट दाखवून कोल्हा दाखवलास की मुलांच्या हातचं काम तू काढून घेतलंस.

आता हीच गोष्ट एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडली असती तर? 'लबाड कोल्हा हळूच मागून आला. त्याने उडी मारली. पण अरेरे, तो दाताळ्यावर पडला!' आणि शेजारच्या चित्रात पुन्हा हुबेहूब तेच. अशी पुस्तकं ढिगाने निघतात. दिसायला ती गोंडस असतात, मुखपृष्ठावर चमकीही असते. ओळखायची साधी रीत सांगतो. एकदा चित्रं झाकून नुसता मजकूर वाच, मग मजकूर झाकून नुसती चित्रं बघ. दोन्ही वेळा तंतोतंत तीच गोष्ट मिळाली तर पुस्तक खाली ठेव.

चित्रांवर मी एवढा अडून बसतो याचं कारण आहे. मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि जीन सेंट-ऑबिन या संशोधकांनी मोठ्यांकडून गोष्ट ऐकणाऱ्या लहान मुलांची नजर पानावर कुठे फिरते ते उपकरणाने टिपलं आणि २००५ साली प्रसिद्ध केलं. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रच बघत होती, अक्षरांकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. म्हणजे तू वाचतोस ते एक पुस्तक आणि मुलं डोळ्यांनी वाचतात ते दुसरं. मजकुरात लाल छत्री आणि चित्रात निळी असली तर तू पुढे निघून जाशील. चार वर्षांची मुलगी जाऊ देणार नाही. चित्रकाराने आळस केलेला पहिल्यांदा तिलाच कळतो.

पान उलटण्याकडेही बघायला शीक. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला की सोळा पानांचा फर्मा होतो, असे दोन फर्मे म्हणजे पुस्तक. नामपान, श्रेयपान वगैरे वजा जाता गोष्टीला जेमतेम डझनभर जोडपानं, म्हणजे समोरासमोर उघडणाऱ्या पानांच्या जोड्या, मिळतात. चांगला लेखक दर वेळी पान उलटण्याआधी काहीतरी अर्धवट सोडतो: दार वाजलं, पण दारात कोण आहे ते पान उलटल्यावरच. तिथे थांबलास की मुलं आपणहून बोलतात, तुला विचारावंही लागत नाही. कच्च्या पुस्तकात प्रश्न आणि उत्तर एकाच जोडपानावर असतात. तू प्रश्न वाचेपर्यंत मुलांनी उत्तर बघितलेलं असतं.

मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मध्ये पान उलटण्याची ही कला फार पुढे गेली आहे. सुरुवातीला चित्र लहान, भोवती रुंद पांढरा समास. रागावलेल्या मुलाची खोली जसजशी जंगल होत जाते तसतसं चित्र वाढतं, समास खातं, समोरच्या पानावर सरकतं. आणि तिथल्या राक्षसी प्राण्यांबरोबरच्या ऐन धिंगाण्यात सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. अशा पानांवर नवखा वाचणारा घाबरतो आणि स्वतःच काहीबाही सांगायला लागतो. तू गप्प राहा. पुस्तक जरा उंच धर आणि मुलांचं बघून होईपर्यंत पान उलटू नकोस. शेवटच्या पानावर उलटा प्रकार आहे, तिथे चित्रच नाही, नुसते थोडे शब्द. ते अगदी हळू वाच.

आता आवाजाचं. पुस्तक मनात वाचून निवडू नकोस. दुकानात असशील तरी एका कोपऱ्यात उभा राहून दोन पानं पुटपुटून बघ, लोक बघतील तर बघू देत. मनात वाचताना जे वाक्य गुळगुळीत वाटतं ते मोठ्याने म्हणताना मध्येच दम लागतो, किंवा जीभ अडखळते. 'हे दृश्य पाहून मांजर अत्यंत आनंदित झाले' असलं वाक्य मुलांना कळत नाही असं नाही, पण ते कोणाच्याच तोंडी बसत नाही. 'मांजराला काय आनंद झाला म्हणून सांगू!' हे बसतं. पालुपद असलेली पुस्तकं थोडी जास्तच घे. दर दोन पानांनी तीच ओळ येत असली की तिसऱ्या खेपेला मुलं ती तुझ्याआधी म्हणतात, आणि त्यांच्यात नेहमी गप्प बसणारंही एखादं असतं. यमकांच्या पुस्तकांपासून मात्र जरा सावध राहा. यमक जुळवायला ओढून आणलेला शब्द मोठ्याने वाचताना दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

अवघड शब्दांना भिऊ नकोस. जेसिका मॉन्टॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली शंभर चित्रपुस्तकांतली भाषा आणि मोठी माणसं मुलांशी रोज बोलतात ती भाषा समोरासमोर ठेवली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द जास्त निघाले. आणि ते साहजिक आहे. घरात आपण 'चल, ये, ठेव, नको' यातच दिवस काढतो. पुस्तकात कोणीतरी डुलत येतं, कोणी कुरकुरतं, कोणी हिरमुसतं. शब्द चित्रावरून आणि तुझ्या आवाजावरून कळणार असेल तर अर्थ सांगायला थांबू नकोस. सोपं करून तर मुळीच वाचू नकोस.

एक शंका तू विचारली आहेस: मुलं तेच पुस्तक पुन्हा मागतात, तर वाचावं का? वाचावं. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, पण लक्षात राहिले ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांच्या जास्त. पहिल्या वाचनात मुलाचा सगळा जीव 'पुढे काय' यात अडकलेला असतो, कळल्यावर ते इकडेतिकडे बघायला मोकळं होतं. तेव्हा तुझी यादी एवढी लांब नसली तरी चालेल. प्रत्येक पुस्तकाबद्दल स्वतःला विचार, हे मी पाचव्यांदा वाचेन का? तुलाच कंटाळा येणार असेल तर तो तुझ्या आवाजात उतरेल आणि मुलांना तो लगेच कळेल.

मांडीवरचं पुस्तक आणि गटातलं पुस्तक वेगळं असतं, हे तुझ्या यादीत कुठेच दिसलं नाही. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या १९४७ सालच्या 'गुडनाइट मून'मध्ये रंगीत पानांवरच्या खोलीत एक चिमुकला उंदीर दर वेळी जागा बदलतो, घड्याळाचे काटे पुढे सरकतात. मांडीवरच्या मुलाला त्यात तासन्‌तास रमता येतं. मागच्या रांगेतल्या मुलाला तो उंदीर दिसतच नाही, आणि पुढचे 'सापडला, सापडला' ओरडायला लागले की मागचा रडकुंडीला येतो. म्हणून गटासाठी पुस्तक घेण्याआधी ते उघडून टेबलावर उभं कर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि खाली बस. मुलं खाली बसतात, तूही खालूनच बघायला हवं. मुख्य पात्राचा चेहरा दिसतो का? तो दोन पानांमधल्या शिलाईत गेलाय का? दिव्याखाली कागद चकाकतो का? यात नापास झालेलं पुस्तक टाकून देऊ नकोस, ते एकेका मुलाला घेऊन वाचायला ठेव.

मलपृष्ठावरच्या वयाकडे फार लक्ष देऊ नकोस, तो दुकानातलं कपाट ठरवायला घातलेला आकडा असतो. अगदी तान्ह्या बाळांची गोष्ट तेवढी वेगळी. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणून ठसठशीत काळी-पांढरी चित्रं आणि चावलं तरी टिकणारी जाड पुठ्ठ्याची पानं. त्यांचे आईबाबा वाचनालयात आले आणि 'एवढ्यात कशाला?' म्हणाले, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ सालीच अगदी तान्हेपणापासून वाचून दाखवा असा सल्ला दिलाय, हे सांग.

आता बोधाच्या पुस्तकांकडे येतो, कारण तुझी निम्मी यादी तीच आहे. दात घासणाऱ्या मगरीशी माझं वैर नाही. पण शेवटचं पान झाकून वाचून बघ. त्याच्याशिवायही गोष्ट पूर्ण होत असेल, तर ती गोष्ट आहे. घे, आणि शेवटची ओळ वाचलीच पाहिजे असंही नाही. शेवटचं पान काढल्यावर हातात काहीच उरत नसेल, तर सगळी पानं त्या एका सूचनेचं वेष्टन होती. मुलांना ते बरोबर कळतं. गोष्ट संपत आली की ती चुळबुळायला लागतात, कारण पुढे काय येणार ते त्यांनी ओळखलेलं असतं. भीतीची आणि दुःखाची पुस्तकं मात्र तू वगळली आहेस, अंधाराचं एक सोडून. निदान हरवण्याचं एक, आणि कोणीतरी मेल्याचं एक घे. फक्त ती आधी एकट्याने मोठ्याने वाच. आवाज भरून येत असेल तर कुठे येतो ते तुला आधी माहीत असलेलं बरं.

आणखी एक बघ: या पुस्तकांत काही करणारे कोण आहेत आणि नुसते मागे उभे असणारे कोण? बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली पुस्तकांना आरसे आणि खिडक्या म्हटलं होतं, काहींत मूल स्वतःला बघतं, काहींतून दुसऱ्यांना. तुझ्या यादीत मुलगे झाडावर चढतात आणि मुली खालून टाळ्या वाजवतात. पुस्तक सुटं बघून हे लक्षात येत नाही, सगळी शेजारी मांडली की येतं.

शब्द नसलेलं एखादं पुस्तकही ठेव. त्यात गोष्ट मुलंच सांगतात, तू फक्त पान उलटायचं आणि फार तर 'मग?' म्हणायचं. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली पालकांना शिकवलं ते साधारण असंच: हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळा, मुलाला सांगू द्या, ते जे म्हणेल त्यात थोडी भर घाला. महिन्याभरात त्या मुलांची भाषा इतरांच्या पुढे गेली. पण याचा अर्थ प्रत्येक पानावर प्रश्न विचारायचा असा घेऊ नकोस. 'हा कोणता रंग? किती बदकं?' असं सुरू झालं की तोंडी परीक्षा होते आणि गोष्ट बाजूला पडते.

निवडलेलं पुस्तक मुलांपुढे पडलं तर अर्ध्यावर बंद कर, बिनधास्त. त्या पानाचा क्रमांक लिहून ठेव. दुसऱ्या गटालाही तिथेच जांभया आल्या तर दोष पुस्तकाचा. नाही आल्या तर त्या दिवशी मुलं भुकेली असतील.

खरेदीचं म्हणशील तर डिंकाने चिकटवलेल्यापेक्षा शिवलेली बांधणी घे, ती दोन्ही पानं सपाट उघडते आणि लवकर सुटत नाही. ज्यांच्यावर मुलं तुटून पडतील अशी तुला खात्री आहे त्यांच्या दोन दोन प्रती घे. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नकोस, ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा शेजारच्या पानाला लागतो. दुरुस्तीची वेगळी कागदी पट्टी मिळते, ती आणून ठेव.

तुझा,
जुना वाचणारा