३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवतेय: फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी हे दोन आकडे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ साली घेतलेली ३ टीबीची एक्स्टर्नल डिस्क (मोठी, साडेतीन इंची, वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी), तिच्यात तुमचे फोटो. तिच्या मूळ डब्याचं यूएसबी सॉकेट तुटलं, म्हणून तुम्ही आतली डिस्क काढून घरात पडलेल्या जुन्या केसिंगमध्ये बसवली. आता विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकूण ७४६.५२ जीबी दिसतंय. त्यात ३४९.३१ जीबीचं एक 'रॉ' पार्टिशन (विंडोजला वाचता न येणारा भाग) आणि बाकी जागा मोकळी. विंडोज फॉरमॅट करू का विचारतंय. वर तीन जणांनी तीन सल्ले दिलेत: फॉरमॅट करून मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं आज्ञा देऊन चालणारं साधन) 'क्लीन' मारा, आणि दुकानदाराने फसवलं, सोडून द्या.

यातलं काहीही करू नका. तुमची डिस्क बहुतेक धडधाकट आहे, फोटोही जागच्या जागी असावेत. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही, तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून सांगतोय. बिघडलेली डिस्क सहसा शून्य दाखवते, काहीतरी वेडंवाकडं दाखवते, किंवा दर वेळी वेगळं दाखवते. तुमचे दोन्ही आकडे मात्र हिशेबात चोख बसतात.

आधी मूळ आकार बघू. ३ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर (साठवणीचे छोटे कप्पे) असतात, म्हणजे तीन हजार अब्ज बाइटपेक्षा किंचित जास्त. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजूनही पुढे जीबी-टीबीच लिहितं. म्हणून हीच डिस्क विंडोजमध्ये २७९४.५२ जीबी किंवा २.७२ टीबी दिसते. मॅकवर २००९ च्या स्नो लेपर्डपासून कंपनीसारखंच मोजतात, तिथे सरळ ३ टीबी दिसेल. एवढा फरक म्हणजे फसवणूक नव्हे. ४ टीबीला ३.६३ दिसतं, तेही बरोबरच.

आता २७९४.५२ मधून ७४६.५२ वजा करा. उरतात बरोबर २०४८. हा योगायोग नाही. तुमच्या जुन्या केसिंगमध्ये यूएसबी आणि साटा (डिस्कची स्वतःची जोडणी) यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारी एक चिप असते. डिस्कवर शेवटचा सेक्टर कितवा, हे सांगायला जुन्या चिपांकडे ३२ बिटांचीच जागा असायची. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात, म्हणजे विंडोजच्या भाषेत २०४८ जीबी. डिस्क त्याहून मोठी असेल तर नियमाप्रमाणे चिपने 'माझ्याकडे मावत नाही, मोठ्या आज्ञेने विचारा' असं सांगायला हवं. जुन्या चिपा तसं न सांगता वरचे बिट सरळ गाळतात. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ झाल्यावर पुन्हा शून्यापासून धावायला लागतं, तोच प्रकार. उरलेलं म्हणजे ७४६.५२. मॅकला लावलीत तर हाच आकडा ८०१.५७ जीबी दिसेल, गोंधळू नका.

याच रोगात ४ टीबीची डिस्क १६७८ जीबी दाखवते, ५ टीबीची ५६१, ६ टीबीची १४९३ आणि ८ टीबीची १३०८. ८ टीबीवाल्याला हिशेब लवकर कळत नाही, कारण तिथे २०४८ तीनदा वजा होतात. आपला आकडा यांत सापडला तर डिस्कला दोष न देता केसिंग, डॉकिंग स्टेशन किंवा कनव्हर्टर केबल बदला. डेस्कटॉपच्या आत साटाला थेट जोडलेली डिस्क ७४६ दाखवत असेल तर इंटेलचा जुना रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर हा नेहमीचा संशयित, तो अद्ययावत करा.

बहुतेक उत्तरं इथे संपतात: 'नवं केसिंग घ्या, काम होईल.' तुमच्या बाबतीत तेवढ्याने होणार नाही, आणि ते तुमचा दुसराच आकडा सांगतोय.

३४९.३१ ला ८ ने गुणा. २७९४.४८, म्हणजे जवळपास पूर्ण डिस्क. हा आठपट फरक कुठून आला? त्या काळात विंडोज एक्सपी अजून बऱ्याच घरांत होतं. एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) कळत नाही, फक्त जुनी एमबीआर पद्धत कळते, आणि एमबीआरमध्येही तीच ३२ बिटांची मर्यादा. मग कंपन्यांनी युक्ती केली. डब्यातली चिप संगणकाला सांगायची की या डिस्कचा सेक्टर ५१२ चा नसून ४०९६ बाइटचा आहे. सेक्टर आठपट मोठा झाला की तेवढ्याच आकड्यांत १६ टीबीपर्यंत मजल जाते. एक्सपी खूश, गिऱ्हाईक खूश. डिस्क त्या डब्यात आहे तोवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुम्ही डिस्क बाहेर काढलीत आणि या जुन्या केसिंगने सेक्टर ५१२ चाच आहे असं खरं सांगितलं. पार्टिशनच्या नोंदीत 'अमुक सेक्टरपासून सुरू, इतके सेक्टर लांब' एवढंच लिहिलेलं असतं, सेक्टर केवढा ते नसतं. त्यामुळे लांबी आठव्या हिश्श्याची झाली आणि सुरुवातही चुकली. पार्टिशन १ एमबीवर सुरू होतं, तर विंडोज ते १२८ केबीवर शोधतंय. तिथे फाइल सिस्टिमची खूण नाही, म्हणून 'रॉ'.

यात एक चांगली बातमी दडलेली आहे. काही कंपन्यांच्या डब्यातली चिप पासवर्ड लावलेला नसतानाही सगळा डेटा एन्क्रिप्ट करून (सांकेतिक रूपात) लिहिते. तशी डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये वाचताच येत नाही, मूळ सर्किटच लागतं. तुमची तशी असती तर पहिल्या सेक्टरवरची पार्टिशनची नोंदही कचऱ्यासारखी दिसली असती आणि विंडोजने फॉरमॅटऐवजी 'इनिशियलाइझ' करायला सांगितलं असतं. ३४९.३१ हा अर्थपूर्ण आकडा दिसतोय, म्हणजे नोंद साध्या रूपात वाचली जातेय.

आता त्या सल्ल्यांबद्दल. 'आधी फॉरमॅट, मग रिकव्हरी' हे मला कधीच समजलेलं नाही. एनटीएफएसमध्ये (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) फाइलींची मुख्य यादी साधारणपणे पार्टिशनच्या सुरुवातीपासून ३ जीबीवर असते. क्विक फॉरमॅट नवी यादी त्याच परिसरात लिहायला घेतो, म्हणजे फोटोंची नावं, फोल्डर, तारखा जिथे आहेत नेमका तिथेच घाव. फोटो मिळतीलही, पण हजारो बिननावाच्या फाइलींच्या ढिगात. 'क्लीन' पार्टिशनची नोंद पुसतो. 'क्लीन ऑल' तर अख्खी डिस्क शून्यांनी भरतो, त्यानंतर कुणीच काही करू शकत नाही. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) रॉ पार्टिशनवर चालणारच नाही, पण तोही नको. तोवर डिस्क या केसिंगमधून काढून ठेवा.

पुढची वाट मी या क्रमाने धरली असती.

मूळ डब्यातलं सर्किट फेकलं नसेल तर ते शोधा. तुटलेलं सॉकेट रुंद, दोन भागांचं असेल (मायक्रो बी, यूएसबी ३ वालं). त्यातला मोठा भाग म्हणजे साध्या जुन्या मोबाइलचं मायक्रो यूएसबी सॉकेटच. पुष्कळदा बाजूचा लहान भाग तुटलेला असतो आणि मोठा शाबूत असतो. डिस्क मूळ सर्किटला जोडा, अडॅप्टर लावा आणि जुनी मोबाइलची डेटा केबल त्या मोठ्या भागात बसवून बघा. चालली तर वेग यूएसबी २ चा मिळेल, सेकंदाला तीसेक एमबी. २ टीबी उतरवायला अठरा-एकोणीस तास लागतील, पण पैसा खर्च न करता काम होईल. लॅपटॉपचं स्लीप बंद ठेवा आणि तुमच्याकडे लाइट जाते त्या दिवशी हे काढू नका.

दोन्ही भाग गेले असतील तर मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर सॉकेट बदलून देतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर तुमच्या गावातला सूक्ष्म सोल्डरिंग जमणारा कुणीही. त्याला फक्त सर्किट द्या. डिस्क घरीच ठेवा.

अडॅप्टरबद्दल एक सूचना, कारण इथे डिस्का जळतात. साडेतीन इंची डिस्कच्या डब्याला सहसा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. राउटर, सेट टॉप बॉक्स, लॅपटॉप यांच्या अडॅप्टरांची पिन सारखीच असू शकते, पण लॅपटॉपचा १९ व्होल्टचा असतो. पिन बसली म्हणून लावू नका, छापलेलं वाचा.

मूळ सर्किट मिळतच नसेल तर ८ टीबी किंवा त्याहून मोठ्या डिस्का चालतील असं स्पष्ट लिहिलेलं यूएसबी ३ केसिंग घ्या. त्यात एकूण २७९४.५२ दिसायला हवं. पार्टिशन मात्र तरीही ३४९.३१ रॉ दिसू शकतं, घाबरू नका. मग पेनड्राइव्हवरून अलीकडची उबुंटू लाइव्ह (लिनक्सची एक आवृत्ती) चालवा, इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथली 'लोसेटअप' ही आज्ञा डिस्कला ४०९६ च्या सेक्टरचा मुखवटा चढवते, जे काम पूर्वी डब्यातली चिप करत होती. सेक्टर साइज ४०९६, रीड-ओन्ली (फक्त वाचायचं) आणि पार्टस्कॅन (पार्टिशन शोधायचं) हे तिन्ही पर्याय द्यायचे, मग जे पार्टिशन उगवेल तेही रीड-ओन्ली माउंट करायचं, म्हणजे उघडायचं. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, त्यामुळे फसलं तरी नुकसान नाही. मला हा मार्ग विकतच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी बरा वाटतो, कारण फोल्डर आणि नावं जशीच्या तशी मिळतात.

फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरले, दहा-वीस उघडून पाहिले, की मग या डिस्कला नव्या केसिंगमध्ये जीपीटी करून खुशाल फॉरमॅट करा. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग (खराब झालेले किंवा संशयित) सेक्टर वाढत असतील तर एवढ्या जुन्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका.

'फसवलं' म्हणणाऱ्यांचा मुद्दा तुमच्या डिस्कला लागू नाही, पण पूर्ण खोटाही नाही. हजार-दोन हजारांत १६ टीबीची एसएसडी म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुधा एक लहानसं मेमरी कार्ड असतं आणि फर्मवेअर खोटा आकार सांगतं. तिथे लक्षण उलटं असतं. आकडा अगदी बरोबर दिसतो, कॉपीही बिनतक्रार होते, आणि नंतर फाइली उघडत नाहीत. रिकाम्या ड्राइव्हवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ चालवलं की सोंग उघडं पडतं.

हाच धागा शोधत येणाऱ्या इतरांसाठी भराभर. मोठा ड्राइव्ह अचानक ३२ जीबी किंवा त्याहून लहान दिसत असेल तर त्यावर कधीतरी बूटेबल इमेज लिहिली आहे का, किंवा टीव्हीने तो फॉरमॅट केला आहे का ते आठवा. बाकीची जागा 'अनअलोकेटेड' म्हणून बसलेली सापडेल. एकूण आकार बरोबर पण मोकळी जागा कमी, आणि डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये, तर तिथे ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी) राखीव असते. ४ टीबीवर ती २०० जीबी होते, ट्यून२एफएस या आज्ञेने कमी करता येते. एक्सफॅटवर लाखो बारक्या फाइली टाकल्या तरी जागा अशीच गडप होते, कारण मोठ्या डिस्कवर तिथला क्लस्टर (जागावाटपाचा सर्वांत लहान तुकडा) बहुधा १२८ केबीचा असतो आणि दोन केबीची फाइलसुद्धा अख्खा क्लस्टर अडवते. आणि डिस्क शून्य बाइट दाखवत असेल, टकटक आवाज करत असेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडा. आधी केबल आणि वीजपुरवठा तपासा, तरीही तेच असेल तर बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. प्रत्येक वेळी चालू करून बघण्यात तिचं आयुष्य जातं.

तुम्ही मात्र आधी मोबाइलची केबल लावून बघा. नाहीच जमलं आणि नव्या केसिंगवर यावं लागलं, तर त्यात दिसणारे दोन्ही आकडे, एकूण आणि पार्टिशनचा, दशांशासकट इथे लिहा. २७९४.५२ आणि ३४९.३१ असतील तर लोसेटअपच्या ओळी तयार करून देतो. काही वेगळं दिसलं तर कुठलंही बटण दाबण्याआधी स्क्रीनचा फोटो टाका.