घरी गाणी ऐकायला सीडी ठेवाव्यात की सगळं स्ट्रीमिंगवरच ऐकावं?

सीडी अजिबात टाकून देऊ नका. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा असतो (हे डिजिटल आवाजाच्या बारकाईचं माप), तो फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा फॉरमॅट) रिप केला, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, तर काहीच कमी होत नाही आणि फाइल साधारण निम्म्या साइझची होते, मग रोज ऐकायला ती फाइल वापरा आणि डिस्क कपाटात राहू द्या. स्ट्रीमिंग नवीन काही शोधायला मस्तच, पण लायसन्स संपलं की अल्बम गायब, आणि कधीकधी जुन्याच्या जागी रिमास्टर, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगची नव्याने तयार केलेली आवृत्ती, येऊन बसतं ज्यात आवाज नुसता मोठा केलेला असतो, मला हे फार खटकतं. घरी बर्न केलेल्या सीडी असतील तर त्या आधी रिप करा, त्या लवकर खराब होतात. आणि बॅकअप दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्याच.