ईएल८४ या व्हॅक्यूम ट्यूबच्या सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट ट्यूबच्या) अॅम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणून साधा मेन्स (घरच्या विजेचा) ट्रान्सफॉर्मर लावल्यावर बास का जातो?

कारण कोअरमध्ये (लोखंडी गाभ्यात) गॅप, म्हणजे बारीक फट, नाही. ईएल८४चा सुमारे ४८ मिलिअँपिअर डीसी प्रायमरीतून (ट्यूबच्या बाजूच्या गुंडाळीतून) सतत वाहतो, कोअर सॅच्युरेट होतो (त्याचं चुंबकत्व आणखी वाढू शकत नाही), इंडक्टन्स कोसळतो आणि बास जातो. ५.२ किलोओहम लोडला ४० हर्ट्झपर्यंत उतरायचं तर डीसी चालू असताना साधारण २० हेन्री इंडक्टन्स हवा.

मेन्सच्या कोअरमध्ये पत्र्या आलटून-पालटून घातलेल्या असतात. त्या काढा, ‘ई’ आकाराच्या सगळ्या एका बाजूला, ‘आय’ आकाराच्या सगळ्या दुसऱ्या बाजूला लावा आणि सांध्यात कागद ठेवा. फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) सांधा दोनदा ओलांडतो, म्हणून ०.१ मिमी कागद म्हणजे ०.२ मिमी गॅप. पत्र्या घट्ट आवळा, नाहीतर गुणगुणतात.

८ ओहम स्पीकरसाठी टर्न्स रेशो (दोन्ही गुंडाळ्यांच्या वेढ्यांचं गुणोत्तर) √(५२००/८), म्हणजे साधारण २५.५:१. ट्रेबल मात्र गॅपने सुधारत नाही. त्यासाठी प्रायमरीचे भाग करून मध्ये सेकंडरी (स्पीकरच्या बाजूची गुंडाळी) गुंडाळावी लागते.