लाल वर्तुळे आणि आखडलेला निबंध

"पूर्वी पानेच्या पाने लिहायची, आता सात ओळींत निबंध आटोपते. मॅडम, आळस म्हणायचा की मोबाईलचा परिणाम?" कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील माझ्या मार्गदर्शन केंद्रात आलेल्या एका आईचा हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी नववीत होती. मी आधी तिची वही मागितली.

पंचगंगेच्या २०२१ च्या पुरावरचा तिचा जुना निबंध अडीच पानांचा होता आणि त्यावर लाल शाईची तेवीस वर्तुळे होती. 'दावणीतनं जनावरं सोडली' हे त्यातले सर्वांत जिवंत वाक्यही खोडून 'गोठ्यातून' केलेले होते. खाली शेरा एकच होता : 'शुद्धलेखन सुधारा.' पुढचे निबंध आखूड होत गेले होते. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "ज्या शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ माहीत नाही, तो शब्दच मी घेत नाही." याला आळस कसे म्हणावे?

व्याकरणाच्या दुरुस्त्यांवर १९९६ मध्ये आक्षेप घेताना जॉन ट्रस्कॉट या अभ्यासकाने हाच धोका दाखवला होता. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांचा प्रतिवाद केला. दुरुस्ती बंदच करावी, असे मीही म्हणणार नाही. पण ती वर्तुळे मोजताना तेवीसपैकी अकरा चुका एकाच नियमाच्या निघाल्या : 'आणि', 'नि' असे मोजके अपवाद सोडले, तर मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. अकरा वर्तुळांऐवजी हे एक वाक्य लिहिले असते, तर पोरीला धरायला काहीतरी मिळाले असते.

आईच्या संमतीने मी निबंध तपासणाऱ्या तिच्या शाळेतल्या बाईंना भेटले. साठ वह्या तपासणाऱ्या त्या बाई कठोर मुळीच नव्हत्या. "बोर्डात गुण कापले जातात, त्याचं काय?" हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. शेवटी एका निबंधात एकाच प्रकारच्या चुका दाखवायच्या आणि समासात मजकुराविषयी एक प्रश्न लिहायचा, एवढे ठरले.

दीड महिन्याने मुलगी वही घेऊन आली. निबंध दीड पानाचा होता. नवा नियम इतका अंगात भिनला होता की तिने सगळीकडे 'आणी' लिहिले होते. समासात बाईंचे अक्षर होते : 'हा अपवाद आहे. पण सोडलेली जनावरे पुढे कुठे गेली?' त्याखाली तिने पेन्सिलीने उत्तर लिहायला सुरुवात केली होती आणि जागा पुरली नाही म्हणून पान उलटले होते.