पहिला चित्रपट पडला, आता नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राबरोबर मिळून दोन दोस्तांच्या एका रात्रीच्या भटकंतीवर ८२ मिनिटांचा विनोदी चित्रपट केला. लेखन दोघांचं, दिग्दर्शन त्याचं, संकलन माझं. बहुतेक महोत्सवांनी तो नाकारला. एका ठिकाणी दाखवला गेला, लोक हसलेही, पण समीक्षणात आलं : ‘कथाच नाही. दोघांची जुगलबंदी आणि दृश्यांची गती मात्र लक्षात राहते.’ मित्राला लगेच दुसरा चित्रपट करायचा आहे. घरचे म्हणतात, एमबीए कर. मला एका निर्मितीसंस्थेत साहाय्यक संकलकाची नोकरी मिळते आहे. ती घेतली तर हार मानल्यासारखं होईल का?

उत्तर : नोकरी घे. हार मानण्याचा इथे संबंधच नाही. तू त्या समीक्षणाचं पहिलं वाक्य मनाला लावून घेतलंस आणि दुसरं सोडून दिलंस. दृश्यांची गती हे संकलकाचं काम. एका अनोळखी माणसाने, तुझं नावही माहीत नसताना, नेमकं तुझं काम वाखाणलं आहे.

नकारांचं म्हणशील तर सनडान्ससारख्या, स्वतंत्र चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन महोत्सवाकडे अलीकडे वर्षाला ४,००० हून जास्त पूर्ण लांबीचे चित्रपट येतात आणि निवडले जातात शंभराच्या आसपास. त्यात दोन मित्रांच्या विनोदी चित्रपटाची आणखी एक अडचण असते : निवड करणारा तो बऱ्याचदा एकटा, लॅपटॉपवर पाहतो. जो विनोद भरल्या सभागृहात हशा मिळवतो, तोच एकट्याला कोरडा वाटू शकतो. अमेरिकन दिग्दर्शक केविन स्मिथच्या ‘क्लर्क्स’ या पहिल्या विनोदी चित्रपटाचा १९९३ साली न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामं होतं. पण त्या मोजक्या लोकांत बॉब हॉक नावाचे स्वतंत्र चित्रपटांचे जाणकार होते. त्यांनी तो इतरांना आवर्जून सुचवला आणि १९९४ मध्ये चित्रपट सनडान्सला पोहोचला. म्हणून किती जणांनी पाहिला यापेक्षा कोणी पाहिला आणि तो पुढे काय बोलला, याकडे लक्ष दे. समीक्षकाला आभाराची दोन ओळींची मेल पाठव. वाद घालू नकोस.

‘कथा नाही’ हा आक्षेप खरा आहे का, हे तू स्वतः तपासू शकतेस. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्यं ओळीने मांडलेली असतात त्या टाइमलाइनवर मधल्या भागातली दोन दृश्यं उचल आणि त्यांची अदलाबदल करून बघ. काहीच बिघडलं नाही, तर समीक्षक बरोबर आहे : घटना एकामागून एक येतात, पण एकीमुळे दुसरी घडत नाही. पुढचा खेळ होईल तेव्हा आयोजकांना विचारून सभागृहात रेकॉर्डर ठेव. घरी आल्यावर तो आवाज चित्रपटाच्या ट्रॅकखाली लाव. हशा कुठे उसळला, कुठे अर्ध्यात विरला, कुठल्या हशाखाली पुढचा संवाद बुडून गेला, हे डोळ्यांना दिसेल. बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट केला तिथे लोक जास्त हसले का, तेही बघ. या जातीच्या चित्रपटात अर्धी गंमत ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. हे काम मनापासून केलंस तर शिकायला दुसरी शाळा लागणार नाही, आणि नोकरीच्या ठिकाणी बोलायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

एमबीए वाईट नाही. पण तुझ्या पत्रात त्यावर एकच ओळ आहे आणि तीही घरच्यांची. दोन-तीन वर्षांनी मन तिकडे वळलं तर तेव्हाही करता येईल. घरच्यांना पगाराचा आकडा आणि कामाचं स्वरूप नीट सांग. मुलीची काळजी वाटते म्हणूनच ते बोलतात.

मित्राबद्दल मात्र मला काळजी वाटते. त्याला ताबडतोब दुसरा चित्रपट हवा आहे आणि तुला श्वास घ्यायचा आहे. हे त्याला स्पष्ट सांग, टाळत राहू नकोस. वेस अँडरसन आणि ओवेन विल्सन या अमेरिकन मित्रांनी मिळून लिहिलेला ‘बॉटल रॉकेट’ हा पहिला चित्रपट १९९६ साली तिकीटखिडकीवर साफ पडला. तरी दोघांनी पुन्हा एकत्र बसून ‘रशमोर’ लिहिला आणि १९९८ मध्ये तो गाजला. तुम्हीही दर आठवड्याला ठरलेल्या वेळी लेखनाला बसू शकता. दिवसभर नोकरी असली तरी ते जमतं.

त्याआधी कागदपत्रं उरकून घ्या, नातं गोड आहे तोवरच. पटकथेत कोणाचा किती वाटा, चित्रपटाचे हक्क कोणाकडे, उद्या पैसे आले तर कसे वाटायचे, हे लिहून दोघांनी सह्या करा. कलाकारांची लेखी संमती आहे का? गाण्यांची परवानगी फक्त महोत्सवापुरती आहे की ऑनलाइन दाखवण्यासाठीही? यातलं एक जरी सुटलं तरी चित्रपट घ्यायला तयार झालेला वितरक मागे फिरू शकतो.

नोकरीच्या मुलाखतीत तूही विचार : काम नुसतं फुटेज लावण्याचं आणि आवाज जुळवण्याचं आहे, की मुख्य संकलकाजवळ बसायला मिळेल? पहिलं असलं तरी वर्षभर कर, पुढे संकलकाजवळ बसायला मिळेल याचं वचन मात्र मागून घे. आणि नियुक्तीपत्र पूर्ण वाच. नोकरीत असताना तू बाहेर केलेलं कामही संस्थेच्या मालकीचं होईल, असं कलम काही ठिकाणी असतं. ते दिसलं तर तुमच्या चित्रपटाचं आणि पुढच्या पटकथेचं नाव घालून लेखी सूट घे, मगच सही कर.